आधाराला जुनी गोळी

धामणगाव बढ्याच्या आसपास मिरचीवर बोकड्या आला, पानं चुरगळायला लागली, की लोक कृषी केंद्रात जायच्या आधी भागवतकडे जायचे. केंद्रवाल्याला हे आवडत नसे, पण करतो काय. भागवत सातवी नापास, पण फवारणीत त्याचं डोकं असं चालायचं की डब्यावरची बारीक अक्षरं न वाचता कशात काय मिसळायचं ते तो सांगून मोकळा व्हायचा. त्याचा एक नियम होता. नवं औषध पिकाला लागू पडायला आठ दिवस घेतं. तेवढ्यात पीक हातचं जाऊ नये म्हणून जुनं औषध थोडं सोबत द्यायचं. "नवं कामाले, जुनं आधाराले," असं म्हणून तो पंधरा लिटरच्या पंपात दोन्ही ओतायचा आणि काडीनं ढवळायचा. दहापैकी आठ वेळा त्याचं साधायचं. उरलेल्या दोन वेळा हवामानाच्या नावावर खपायच्या.

पण ही हकीकत त्याची नाही, त्याच्या बायकोची, पुष्पांजलीची आहे. तिच्या हकिकतीत तो नको तितका घुसलेला आहे, त्याला माझा इलाज नाही.

पुष्पांजली हे नाव तिच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. सासरी ते कुणाला पेललं नाही. आल्या दिवसापासून ती पुष्पा झाली. बाई काळीसावळी, अंगानं बारीक, आणि नकला करण्यात बिलंदर. बाजारात तिच्या वांग्याच्या ढिगापुढं बायका वांग्यासाठी कमी आणि नकलेसाठी जास्त थांबायच्या. सरपंच भाषणात घसा कसा साफ करतो, ग्रामसेवक सही करायच्या आधी पेन कसा झटकतो, सगळं ती बसल्या जागी करून दाखवायची. भागवतची थोरली बहीण गोजरबाई विधवा होऊन शेजारच्याच घरात राहायला आलेली. तिची फेंगडी चाल पुष्पानं एकदा भर अंगणात काढली, तर गोजरबाईच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवं, मी अशी चालतो का वं?" आणि स्वतःच हसत सुटली. नणंदेला स्वतःवर हसवणारी भावजय मी तरी दुसरी पाहिली नाही.

अशी बाई नऊ वर्षांपूर्वी गप्प झाली.

कारण काही नव्हतं, आणि हेच गावाला पटत नव्हतं. एकुलत्या एका पोरीचं, प्रेरणाचं, लग्न चिखलीला चांगल्या घरात झालेलं. मिरची जोरात. घरात भांडण नाही, कुणी दगावलेलं नाही. तरी पुष्पा सकाळी उठून चुलीपुढं बसायची ती बसूनच राहायची. तोडणीला गेली तर मिरचीचं एक झाड धरून उभी. खाणं तुटलं, झोप तुटली, बोलणं तर तुटलंच तुटलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं पोरीच्या आठवणीनं झुरते. भागवतनं तिला दर्ग्यावर नेलं, देवाला नेलं, शेगावला अकरा गुरुवार केले. गोजरबाईनं मिरच्या-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पुष्पा जिथं नेतील तिथं जायची आणि जशी जायची तशी परत यायची.

मग एका दुपारी भागवत वावरात आला, तर ती विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेली. चपला बाहेर एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. भागवत ओरडला नाही, धावला नाही. हळूच जाऊन तिच्या बाजूला बसला, तिचा दंड धरला आणि म्हणाला, "काय पाह्यतं वं?"

"पाणी किती खाली गेलं ते पाह्यतो."

विहीर तुडुंब भरलेली होती. भागवतनं हे तेव्हा गावात कुणाला सांगितलं नाही, पोरीलाही नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो तिला बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर हळू बोलणारा, समजून घेणारा माणूस. त्यानं दहा दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं आणि विटकरी रंगाची एक बारीक गोळी लावली. तिसऱ्या आठवड्यात पुष्पा पडल्या पडल्या म्हणाली, "मिरचीतलं निंदण झालं का?" बस एवढंच. भागवत बाहेर गेला आणि गोठ्यात बैलाच्या गळ्यात हात टाकून रडला. दोन महिन्यांनी तिनं त्या डॉक्टरचीच नक्कल केली, आणि तीही डॉक्टरसमोर. डॉक्टर हसला, म्हणाला, "आता बऱ्या झालात. गोळी मात्र सोडायची नाही."

गोळीनं तोंड कोरडं पडायचं, म्हणून पुष्पा पदराला खडीसाखर बांधून ठेवायची आणि चघळत राहायची. बाकी काही त्रास नाही. नऊ वर्षं ती गोळी भागवतनं रोज स्वतःच्या हातानं तिच्या तळहातावर ठेवली. जेवण झालं की तो पाण्याचा गडवा घेऊन यायचा, गोळी द्यायचा, ती गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. घरात कुणी आजारी असलं तर औषध देणाराचा हात एकच असावा, अशी त्याच्या आईची शिकवण. पुष्पाला पाकीट कुठं असतं हेही माहीत नव्हतं, आणि तिनं कधी विचारलंही नाही.

गेल्या पौषात तिच्या छातीत कळ आली. हिंमतराव म्हणून शेजारी आहे, त्याची गाडी होती म्हणून वेळेत औरंगाबाद गाठता आलं. एक स्टेंट बसला. जीव वाचला, पण हृदयाची ताकद कमी झाली ती झालीच. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरनं चालू औषधं विचारली. भागवतनं काही लपवलं नाही, विटकरी गोळीचं पाकीट पुढं ठेवलं. डॉक्टरनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"काका, ही गोळी चांगली आहे, पण अशा हृदयाला चांगली नाही. ठोक्यांचा ताल बिघडवू शकते. बदलावी लागेल. पण एकदम बंद करू नका, मी बुलढाण्याच्या डॉक्टरांशी बोलतो."

दोन्ही डॉक्टर खरंच बोलले. इथं कुणाला दोष देता येत नाही, मी शोधून पाहिला. बुलढाण्याच्या डॉक्टरनं पुष्पाची प्रकृती सावरू दिली, मग भागवतला समोर बसवलं आणि कागदावर रेघा मारून सांगितलं. विटकरी गोळी तीन आठवड्यांत कमी करत करत बंद. मग नवी पांढरी गोळी, तीही आधी थोडी. ही हृदयाला सोसते, पण लागू पडायला महिना-सव्वा महिना घेते. "मधले दिवस अवघड जातील. रडतील, झोप जाईल, घेरी येईल. जेवण सोडलं किंवा जगणं नको म्हणाल्या, तर त्याच दिवशी इकडे आणा. फोन करा. आणि तुमच्या मनानं काही कमीजास्त करू नका." त्यानं कार्डावर स्वतःचा नंबर लिहून दिला.

भागवतनं मान हलवली. त्याला सगळं समजलं होतं. फक्त एक गोष्ट त्याच्या मनाला पटली नव्हती. ज्या गोळीनं बायको विहिरीच्या काठावरून परत आणली, ती वाईट कशी?

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यात पुष्पाची झोप गेली. विटकरी गोळी बंद झाली, पांढरी सुरू झाली, आणि पुष्पा पुन्हा चुलीपुढं बसून राहायला लागली. भाकरी थापता थापता हात थांबायचे, पीठ वाळून जायचं. डोळ्याला धार लागायची आणि तिला विचारलं तर म्हणायची, "मले काय माहीत काऊन येतं." भागवतनं विहिरीच्या काठाला काटेरी बोराट्या आणून लावल्या, चहूबाजूंनी.

पुष्पानं त्या पाहिल्या. "कोणासाठी लावल्या?"

"बकऱ्या पडतात."

त्यांच्याकडे बकऱ्या नव्हत्या.

पांढरी गोळी सुरू होऊन दहा दिवस झाले तेव्हा भागवतनं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरनं विचारलं, "जेवतात का?" पुष्पानं त्या दिवशी चतकोर भाकरी पाण्यात कुस्करून कशीबशी खाल्ली होती. "जेवते," भागवत म्हणाला. खोटं बोलला. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्यातून निघताना तिनं त्याचा हात धरून सांगितलं होतं, "पुन्हा मले इथं ठेवू नका," आणि त्यानं शब्द दिला होता. डॉक्टर म्हणाला, "मग अजून पंधरा दिवस धीर धरा. शुक्रवारी दाखवून जा." शुक्रवारी पुष्पा उठायलाच तयार झाली नाही. हेही त्यानं कळवलं नाही.

त्याच दिवसांत मिरचीवर बोकड्या आला. भागवत बांधावर बसून पंपात औषध ढवळत होता, एक नवं, एक जुनं. ढवळता ढवळता त्याचा हात थांबला. नवं लागू पडेपर्यंत पीक हातचं जाऊ नये म्हणून आपण काय करतो? तीस वर्षं काय करत आलो? त्याला वाटलं, डॉक्टर लोक शिकलेले खरे, पण ही एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात कशी आली नाही. पंप तसाच ठेवून तो घरी आला. जुन्या गोळीची दीड पाकिटं त्यानं फेकली नव्हती; जीवच झाला नव्हता. ती फळीवरच्या डब्यात होती.

त्या दिवशी जेवणानंतर त्यानं पुष्पाच्या तळहातावर पांढरी गोळी ठेवली आणि तिच्या बाजूला विटकरी गोळीचा अर्धा तुकडा. ती क्षणभर हाताकडे पाहत राहिली. मग दोन्ही तोंडात टाकल्या आणि पाणी प्याली.

पाचव्या दिवशी पुष्पा उठली. न सांगता न सवरता चूल पेटवली, पिठलं टाकलं, आणि गोजरबाई दारात आली तर तिला म्हणाली, "या, वन्सं, जेवून घ्या, तुमच्या भावाच्या हातचं खाऊन कावले असान." गोजरबाईचे डोळे भरून आले. भागवतच्या जिवात जीव आला. त्याच्या मनात कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर बायकोपेक्षा थोडं जास्त स्वतःचंच होतं. ते पाच दिवसांत नव्या गोळीनं झालं, जुनीनं झालं, की उतार पडायचाच होता, हे डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. भागवतला मात्र शंका नव्हती. त्यानं अर्ध्याची पूर्ण केली.

नवव्या दिवशी सकाळी पुष्पा दोरीवर लुगडं वाळत घालत होती. लुगडं टाकलं, दोरी धरली, आणि दोरीसकट खाली बसली. "छातीत कसं फडफडून राह्यलं," एवढं म्हणाली आणि डोळे फिरवले.

हिंमतरावनं गाडी काढली. बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात तरण्या डॉक्टरीणबाईनं तिच्या छातीला तारा लावल्या, यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी पाहिली आणि विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या सांगा." भागवतनं कार्ड पुढं केलं. "एवढ्याच?"

मागे हिंमतराव उभा होता. गावातला फवारणीचा जाणकार म्हणून हिंमतरावसमोर भागवतची मान तीस वर्षं ताठ राहिली होती. "हाव, येवढ्याच," भागवत म्हणाला.

डॉक्टरीणबाई आत गेली. भागवत बाहेरच्या बाकावर बसला. घड्याळ समोरच होतं, म्हणून त्याला नेमकं माहीत आहे, बारा मिनिटं गेली. मग तो उठला, पडदा सारून आत शिरला आणि म्हणाला, "बाई, जुनी बी देत होतो. नऊ दिवस. माह्या मनानं." खिशातून पाकीट काढून त्यानं तिच्या हातात दिलं.

तिनं डोळे मोठे केले नाहीत, रागावली नाही. दोन ओळी लिहिल्या, सलाईनमधलं औषध बदललं, औरंगाबादला फोन केला. जाताना त्याला एवढंच म्हणाली, "नवी गोळी जुनीला अंगातून लवकर बाहेर पडू देत नाही, काका. साठत जाते ती. पण सांगितलंत ते बरं केलंत." बारा मिनिटांनी काही फरक पडला का, हे त्यानं विचारलं नाही. त्या बारा मिनिटांनी त्याला पुढं कुठं बसू दिलं नाही.

तिथून औरंगाबादला हलवल्यावर दुसऱ्या दिवशी पुष्पा शुद्धीवर आली. नळ्या, तारा, डोक्याशी टिकटिक करणारं यंत्र. भेटायला एकालाच पाच मिनिटं सोडायचे. प्रेरणा चिखलीहून आली होती, तिनं बापाला पुढं केलं.

भागवत खाटेशी उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं बाहेर दहा वेळा घोळवलं होतं, ते सगळं गेलं. "पुष्पे, माह्या हातून चुकलं. म्या तुले जुनी गोळी देत होतो."

"माहीत हाय मले."

त्याला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. तो पुन्हा सांगायला लागला.

"अवो, नऊ वर्सं खाल्ली ती गोळी मी," पुष्पा म्हणाली. आवाज बारीक होता, पण चेहऱ्यावर तिचं ते नक्कल करायच्या आधीचं हसू येऊ पाहत होतं. "मी वळखत नाही का? इथल्याच डाक्टरनं माह्यासमोरच सांगतलं होतं, ही चालत नाही म्हणून."

"मंग काऊन घेतली?"

पुष्पानं डोळे मिटले. मग ती म्हणाली, "तुम्ही गडवा घेऊन उभे राहत होते. किती आशेनं पाहून राह्यले होते माह्याकडं. मले नाही म्हणवलं नाही."

नर्सनं वेळ झाली म्हणून सांगितलं. भागवत बाहेर आला. "काय म्हणाली आई?" प्रेरणानं विचारलं. "बरी हाय," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पुष्पांजली गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय आधीच कमजोर होतं, ताल परत आणला तरी ताकद परत आली नाही. गोळ्यांनी किती आणि दुखण्यानं किती, हे कुणी मोजून देत नाही.

तेराव्याला अंगण भरलं होतं. पंगत उठली, पाणी पिऊन लोक पान लावत बसले, तेव्हा भागवत उभा राहिला. तो असा चारचौघांत कधी बोललेला नाही. "ती दुखण्यानं नाही गेली," तो म्हणाला, "म्या तिले दोन गोळ्या मिसळून देल्या. डाक्टरनं नाही म्हटलेली बी देली. दवाखान्यात इचारलं तवा आधी खोटं बोललो." सगळं सांगितलं, फवारणीचं, बारा मिनिटांचं, जेवते म्हणून फोनवर मारलेल्या थापेचं.

लोकांना ते ऐकवेना. कुणी म्हणालं, तुह्या मनात वाईट होतं का? कुणी म्हणालं, इतकी वर्सं तूच सांभाळली नं तिले. गोजरबाई पुढं आली, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भागवता, तिले देवानं नेली. तू काऊन आपल्या अंगावर घेते?" त्याच्या माथ्यावरचा भार घ्यायला सगळं गाव तयार होतं, आणि भागवतला तो कुणाला देववत नव्हता. हिंमतरावनं त्याला हात धरून खाली बसवलं.

प्रेरणा दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होती. तिला हे सगळं त्याच वेळी पहिल्यांदा कळत होतं. लोक पांगल्यावर ती बापाच्या समोर येऊन बसली. तिचे डोळे कोरडे होते.

"बाबा, आईले माहीत होतं का? तुम्ही जुनी देऊन राह्यले म्हणून?"

भागवतनं पोरीकडे पाहिलं. आईसारखंच कपाळ, आईसारखीच बारीक हनुवटी. हो म्हटलं असतं तर तिचा अर्धा राग तिथंच ओसरला असता. अर्धी चूक आईची झाली असती, बाप थोडा हलका झाला असता. पण मग पुढं जन्मभर ही पोरगी स्वतःला विचारत बसली असती, आईनं जाणूनबुजून घेतली म्हणजे काय? तिला जगायचं नव्हतं का? भागवतला माहीत होतं की तसं नव्हतं. त्याचं मन मोडू नये म्हणून पुष्पानं त्या गोळ्या गिळल्या होत्या. पण हे दुसऱ्याला पटवून द्यायला त्याच्याकडे शब्द नव्हते, आणि विहिरीचं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं ते आता सांगायचं नव्हतं.

"नाही बाई," तो म्हणाला. "तिले काय माहीत? मी देईन ते ती घेत होती."

प्रेरणा उठली, आईची दोन लुगडी पिशवीत भरली आणि संध्याकाळच्या गाडीनं चिखलीला गेली. निघताना ती आत्याच्या पाया पडली. बापाकडे तिनं पाहिलं नाही, आणि त्यानं तिला हाक मारली नाही.